तळ्यातले दिवे आणि कमी पडलेली वायर

बागेतल्या तळ्यात लावायच्या दिव्यांचा खोका उघडला की आत दिवे, एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि थोडीशी केबल निघते. बहुतेक वेळा दोन ते पाच मीटर. तळं मात्र ओसरीला चिकटून कुणी खोदत नाही. ते खिडकीतून दिसेल अशा जागी असतं, आंब्याच्या पलीकडे किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात, आणि विजेचा बोर्ड असतो व्हरांड्यात. मधे पंधरा-वीस मीटर अंतर. दिवाळीच्या तोंडावर हे ध्यानात येतं आणि घरात पडलेली एखादी जुनी वायर, पक्कड आणि काळी टेप यांवर काम भागवलं जातं. दिवे लागतात. पण टोकाचा दिवा मिणमिणतो, काही महिन्यांत एखादा लुकलुकायला लागतो आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळेच बंद पडतात. दोष कंपनीला दिला जातो. दिवा बहुधा धडधाकट असतो. बिघडलेली असते ती मधली वायर किंवा तिचा जॉइंट.

केबल लांबवणं अवघड नाही. त्यात दोनच गोष्टी नीट ठरवाव्या लागतात: वायर किती जाड घ्यायची आणि जोड कुठे द्यायचा. पहिलीचं उत्तर साध्या गुणाकार-भागाकारात मिळतं. दुसरीचं उत्तर त्याहून सोपं आहे, आणि तरीही तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. जोड पाण्यात द्यायचा नाही.

आधी वायरच्या जाडीचं पाहू. घरच्या वायरिंगची सवय इथे हमखास फसवते. समजा, तळ्यात ६ वॅटचे चार एलईडी दिवे आहेत, म्हणजे एकूण २४ वॅट. घरच्या २३० व्होल्टवर एवढा लोड जेमतेम ०.१ अँपिअर प्रवाह घेतो. पाऊण एमएमच्या बारीक वायरने तो वीस मीटर नेला तरी वाटेत ०.१ व्होल्टच्या आसपास घट होते. २३० मधून एवढं गेलं तर कुणाला कळतही नाही. तोच २४ वॅटचा लोड १२ व्होल्टवर २ अँपिअर घेतो. प्रवाह वीसपट, म्हणून वायरमध्ये पडणारं व्होल्टेजही वीसपट, आणि पुन्हा ते वजा होणार फक्त १२ मधून. म्हणून ‘एवढ्याशा दिव्यांना कसली जाड वायर’ हा दुकानातला सल्ला इथे लागू पडत नाही.

हिशेब असा करावा. ट्रान्सफॉर्मरपासून दिव्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्यावं, त्याला दोनने गुणावं (प्रवाह जातो तसा परतही येतो), मग अँपिअरने गुणावं, मग ०.०२ ने, आणि शेवटी वायरच्या जाडीने, म्हणजे चौरस मिलिमीटरच्या आकड्याने भागावं. उत्तर येतं ते वाटेत हरवलेले व्होल्ट. ०.०२ हा आकडा तांब्याच्या बारीक तारांच्या लवचिक वायरसाठी व्यवहारात धरायला योग्य आहे.

वरच्या उदाहरणात अंतर वीस मीटर आणि प्रवाह २ अँपिअर. पाऊण एमएमची वायर घेतली तर सुमारे २.१ व्होल्ट वाटेत जातात आणि दिव्यापाशी ९.९ च उरतात. दीड एमएमला १.०७ व्होल्ट जातात. अडीच एमएमला ०.६४. चार एमएमला ०.४. बागेच्या दिव्यांसाठी पाच टक्क्यांची घट, म्हणजे १२ व्होल्टमध्ये ०.६ व्होल्ट, ही मर्यादा धरली तर अडीच एमएमची वायर जवळपास बसते आणि चार एमएमची निर्धास्त चालते. पुढेमागे आणखी दोन दिवे वाढवायची इच्छा असेल तर आजच चार एमएम टाकून घ्यावी. वायरच्या किमतीतला फरक एकदाच सोसावा लागतो. चर पुन्हा खणून हिरवळ उखडण्याचा खर्च आणि मनस्ताप त्यापेक्षा मोठा आहे.

अंतर तीस-चाळीस मीटर असेल तर १२ व्होल्टचा हट्ट सोडलेला बरा. दिवे अजून विकत घ्यायचे असतील तर २४ व्होल्ट डीसीचे घ्यावेत. व्होल्टेज दुप्पट झालं की प्रवाह निम्मा होतो, घटही निम्मी होते आणि ती २४ मधून वजा होत असल्याने टक्क्यांत पाहिलं तर चौथाई उरते. वरच्याच २४ वॅटला वीस मीटरवर दीड एमएमची वायर २४ व्होल्टला जेमतेम सव्वादोन टक्के खाते. जिथे १२ व्होल्टला चार एमएमची वायर लागली असती, तिथे दीड एमएममध्ये काम होतं. अर्थात १२ व्होल्टचे दिवे घरात असताना नुसता ट्रान्सफॉर्मर २४ चा आणला तर दिवे जळतील. बदलायचं तर दोन्ही.

व्होल्टेज कमी पडल्याची लक्षणं प्रत्येक दिव्यात वेगळी दिसतात. जुन्या हॅलोजन दिव्याचं दुखणं सरळ असतं: व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो आणि प्रकाश पिवळट होतो. एलईडीच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर असेल तर तो कमी व्होल्टेजवरही उजेड टिकवायची खटपट करतो, त्यासाठी जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे वायरमधली घट आणखी वाढते. आणि एका मर्यादेखाली दिवा उघडझाप करू लागतो. लुकलुकणारा दिवा खराब समजून फेकण्याआधी तो ट्रान्सफॉर्मरजवळ आणून थेट जोडून पाहावा. तिथे स्थिर जळला तर दोष वायरचा. रंग बदलणाऱ्या दिव्यांत आणखी एक गंमत दिसते. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून लांब वायरच्या टोकाला पांढरा रंग तांबूस दिसू लागतो. अशा दिव्यांचा कंट्रोलर ट्रान्सफॉर्मरपाशी असेल तर दिव्यापर्यंत चार तारा न्याव्या लागतात. वायर विकत घेण्याआधी दिव्याच्या केबलमधल्या तारा मोजाव्यात.

खुद्द ट्रान्सफॉर्मरकडेही एकदा पाहून घ्यायला हवं. लोखंडी गाभ्याचा, हाताला जड लागणारा जुना ट्रान्सफॉर्मर लांब केबलला कुरकुरत नाही. हॅलोजनसाठी आलेले हलके इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर मात्र फार उच्च वारंवारतेचा पुरवठा देतात आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूची केबल सहसा दोन मीटरच्या आतच ठेवायची असते. त्यांना किमान लोडही लागतो. थोड्या वॅटचे एलईडी जोडले की ते चाचपडतात. असा ट्रान्सफॉर्मर असेल तर केबल जाड करून काहीच साधणार नाही, तो बदलून डीसी ड्रायव्हर घ्यावा. ड्रायव्हर लोडच्या काठोकाठ घेऊ नये: २४ वॅटच्या दिव्यांना ३० वॅटचा तरी असावा. काही डीसी पुरवठ्यांवर व्होल्टेज थोडं वर-खाली करायचा छोटा स्क्रू असतो आणि वायरमधली घट भरून काढायला तो फिरवून १३ व्होल्ट करण्याची युक्ती सांगितली जाते. दिव्यावर लिहिलेली मर्यादा न पाहता हे करू नये. दोन दिवे काढले की घट कमी होते आणि उरलेल्या दिव्यांना ते जास्तीचं व्होल्टेज थेट मिळतं.

सुरक्षिततेचा एक मुद्दा मात्र तडजोडीचा नाही. ट्रान्सफॉर्मर घरच्या विजेपासून पूर्ण विलग असलेला, म्हणजे आयसोलेटिंग प्रकारचा हवा. १२ व्होल्ट माणसाला सुरक्षित आहेत ते या विलगतेमुळे. ती नसेल तर मीटर १२ व्होल्ट दाखवील आणि तरीही बिघाडाच्या क्षणी तळ्याच्या पाण्यात २३० व्होल्ट उतरू शकतील. ड्रायव्हरवर ‘एसईएलव्ही’ ही अक्षरं आणि बीआयएसचा नोंदणी क्रमांक शोधावा. एलईडीचे ड्रायव्हर भारतात सक्तीच्या नोंदणीखाली येतात, त्यामुळे क्रमांक नसलेली वस्तू हातात आली तर ती दुकानातच परत करावी.

वायर विकत घेताना पहिली तपासणी ब्लेडची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या भावाला जवळ जाईल अशा किमतीत विकली जाते, खास करून स्पीकरची वायर म्हणून. वरून ती लालसर दिसते. एक तार ब्लेडने खरवडली की आतून चंदेरी निघते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, म्हणजे केलेला सगळा हिशेब पाण्यात. शिवाय दमट हवेत तिचे जोड लवकर सडतात. कल्हईच्या तांब्याच्या वायरची गोष्ट उलटी: वरून चंदेरी, खरवडल्यावर लाल. ती ओलसर जागेसाठी उत्तमच.

महाराष्ट्रात या कामासाठी एक फार चांगली वायर कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते: विहिरीतल्या आणि बोअरच्या सबमर्सिबल मोटारीची चपटी तीन कोअरची केबल. दीड, अडीच, चार एमएम अशा मापांत, मीटरवर तोडून मिळते आणि मुळात पाण्यात राहण्यासाठीच बनलेली असते. तिच्या तीनपैकी दोन तारा वापराव्यात, तिसरी राखीव ठेवून तिचं टोक बंद करावं. आणि ही केबल विकणाऱ्याच्या शेजारीच बहुधा मोटार वाइंडिंगचं दुकान असतं. पाण्याखाली दोनशे-तीनशे फुटांवर टिकणारा जॉइंट कसा मारायचा हे तिथला कारागीर रोज करतो. शहरातल्या बागेचं काम करणाऱ्यांनी या माणसाकडून अर्धा तास शिकून घ्यावं असं त्याचं कसब आहे. चपट्या केबलचा तोटा एकच: गोल भोकाच्या ग्लँडमध्ये ती नीट बसत नाही. ग्लँडचं रबर गोल केबलभोवतीच सगळीकडून आवळतं. चपटीच्या दोन कडांना फट राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. म्हणून जलरोधक पेटी किंवा स्क्रूचे जलरोधक कनेक्टर वापरायचे असतील तर गोल आवरणाची केबल घ्यावी, आणि तिचा बाहेरचा व्यास कनेक्टरवर दिलेल्या मापात बसतो का ते पाहावं.

आता जोडाच्या जागेकडे.

दिव्याला कारखान्यातून जोडून आलेली केबल ही दिव्याच्या जलरोधक बांधणीचाच भाग असते. ती पाण्यात असताना मधेच कापून जोडली की काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. वायरच्या आत केसासारख्या बारीक तारांचा जुडगा असतो आणि त्या तारांमधल्या फटी समईतल्या वातीप्रमाणे पाणी ओढून घेतात. जोडापाशी ओल लागली की ती तिथेच थांबत नाही. आवरणाच्या आतून सरकत सरकत दिव्याच्या पोटापर्यंत जाते. दिवा बाहेरून आयपी ६८ असतो, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या खोलीवर सतत बुडून राहायला योग्य, पण पाणी त्याच्यात वायरीच्या आतल्या वाटेने येतं आणि ही वाट कुठलंही रबर अडवत नाही. काच आतून धुरकट झालेला दिवा दिसला की बरेचदा दोष चार-पाच मीटर लांबच्या जोडात असतो.

म्हणून नियम असा ठेवावा: दिव्याची मूळ केबल अखंड पाण्याबाहेर आणायची आणि काठावर, पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं तरी पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, जोड द्यायचा. मूळ केबल काठापर्यंत येईल इतकीही नसेल तर तो दिवा त्या जागेसाठी नाही. लांब केबलचा दिवा मागवावा. अनेक उत्पादक दहा मीटर केबलसह दिवे देतात. काठावर आणलेल्या केबलचा दीड-दोन मीटरचा वेढा कमळाच्या कुंडीमागे सोडून ठेवावा. दिवा पुसायला, शेवाळ काढायला वर घ्यावाच लागतो, आणि तेव्हा जोड ओढला जाऊन पाण्यात पडू नये.

दिवे तीन-चार असतील तर एका दिव्यातून दुसऱ्यात अशी माळ करू नये. माळेत शेवटच्या दिव्यापर्यंतची वायर सगळ्यात लांब, म्हणून तो सगळ्यात मंद. ट्रान्सफॉर्मरपासून काठापर्यंत एकच जाड केबल न्यावी, तिथे एक जलरोधक जंक्शन बॉक्स बसवावा आणि प्रत्येक दिव्याची स्वतःची केबल त्या बॉक्समध्ये आणावी. सगळ्यांचा उजेड सारखा राहतो, आणि एखादा बिघडला तर बाकीच्यांना हात न लावता तो सोडवता येतो. बॉक्सच्या ग्लँड खालच्या बाजूला असाव्यात आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोक्यातून गळून पडतं.

प्रत्यक्ष जॉइंट मारताना पहिली पायरी बहुतेक जण विसरतात: उष्णतेने आकसणारी नळी, म्हणजे हीट श्रिंक, वायर जोडण्याआधीच तिच्यावर सरकवून ठेवायची. जोडून झाल्यावर ती घालायला वाट उरत नाही. नळी आतून चिकटद्रव्य असलेलीच घ्यावी. साधी नळी आकसते पण पाणी अडवत नाही. वायरची टोकं सोलल्यावर तांबं चकचकीत दिसलं पाहिजे. काळवंडलेलं किंवा हिरवट असेल तर आणखी मागे कापावं, चांगलं तांबं लागेपर्यंत. दोन तारांचे जोड समोरासमोर आणू नयेत. एक वायर दोन इंच आखूड, दुसरी तेवढीच लांब अशी कापली की जोड पुढे-मागे पडतात, गाठ बारीक राहते आणि शॉर्टची भीती उरत नाही. मग तांब्याची क्रिम्प नळी तिच्या खास पकडीने दाबावी किंवा सोल्डर करावं. नुसता पीळ देऊन भागवू नये. पिळाचा जोड काही महिन्यांत सैल होतो, तिथे रोध वाढतो आणि अडीच एमएमच्या वायरने वाचवलेलं व्होल्टेज त्या एका गाठीत निघून जातं. प्रत्येक तारेवर एक आणि दोघींवर मिळून मोठी अशी दुहेरी नळी तापवून आकसवावी. दोन्ही टोकांतून चिकटद्रव्याचा थेंब बाहेर डोकावला की जोड बंद झाला असं समजावं.

काळ्या पीव्हीसी टेपवर या देशात जेवढा विश्वास टाकला जातो तेवढा तिला पेलत नाही. ऊन लागलं की तिचा डिंक पातळ होतो, ओल आली की ती सुटते. मोटारीचे कारागीर आधी स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळतात आणि पीव्हीसी टेप फक्त वरून, रबराला खरचटू नये म्हणून. जमिनीत गाडून कायमचा विसरायचा जोड असेल तर रेझिनचा जॉइंट किट घ्यावा: दोन भागांचा साचा जोडाभोवती बसवून त्यात मिश्रण ओतलं की दगडासारखा घट्ट गोळा होतो. तो पुन्हा उघडता येत नाही, म्हणून आधी दिवे लावून खात्री करावी.

सिलिकॉनने फटी भरणार असाल तर ट्यूब निवडताना वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि ते तांब्याला खातं. वायरच्या कामाला न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन लागतं.

जोडात पाणी शिरण्याचं नुकसान दिव्यापुरतं नसतं. डीसी पुरवठ्यावर पाण्यात उघडं पडलेलं तांबं धन बाजूने विरघळू लागतं. कापून पाहिलं तर त्या बाजूची वायर हिरवी पूड होऊन झडलेली दिसते. हे तांबं तळ्यात उतरतं. गोगलगायींना आणि झिंग्यांना ते थोड्या प्रमाणातही घातक आहे, माशांनाही जास्त झालं की बाधतं. डासांच्या अळ्या खायला नगरपालिकेकडून आणलेले गप्पी मासे किंवा हौसेने पाळलेले कोई, दोघांसाठीही जोड कोरड्यावर ठेवणं गरजेचं आहे.

काठापासून भिंतीपर्यंतची केबल जमिनीवर मोकळी सोडू नये. उन्हाने पीव्हीसीचं आवरण ताठ होऊन तडकतं, घूस कुरतडते आणि माळ्याचं खुरपं कधी लागेल ते सांगता येत नाही. नळीत घालून किमान फूटभर खाली पुरावी. बागेत ठिबक सिंचन असेल तर काळी ठिबकची नळी या कामाला वापरायचा मोह टाळावा, ती हाताशी असते आणि स्वस्तही. पण पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी तिलाच भोक पाडून ड्रिपर बसवील. वेगळ्या रंगाची नळी घ्यावी. कारंज्याच्या पंपाची २३० व्होल्टची वायर त्याच नळीतून नेऊ नये. दोन्हींचं आवरण एका जागी घासलं गेलं तर ट्रान्सफॉर्मरने दिलेली सगळी सुरक्षितता संपते.

आणि पंपाचा विषय निघाला आहे तर तो पुरा केलाच पाहिजे. दिवे १२ व्होल्टचे आहेत म्हणून तळ्यात हात घालायला हरकत नाही, असं मानणारे लोक त्याच तळ्यात २३० व्होल्टचा पंप चालू आहे हे विसरतात. कुठलंही काम करताना पंपाचाही प्लग काढून ठेवावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तळ्याच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे, आणि त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून तो खरोखर पडतो का ते पाहावं. अर्थिंगची तार पंपापर्यंत पोचली आहे याची खातरजमा वीजतंत्र्याकडून करून घ्यावी. एक्स्टेन्शन बोर्ड बागेत नेऊन, वर प्लास्टिकची पिशवी बांधून केलेली सोय पावसाच्या दिवसांत जिवावर बेतू शकते.

काही बागांत अंतर इतकं असतं की १२ व्होल्टची बाजू लांबवण्यापेक्षा २३० व्होल्ट तळ्याजवळ आणून ट्रान्सफॉर्मर तिथे बसवणं शहाणपणाचं ठरतं. फार्महाऊसवर हे नेहमी करावं लागतं. हे काम मात्र परवानाधारक वायरमनचं आहे, हौशी माणसाचं नाही. आर्मर्ड केबल, भारतीय मानकाप्रमाणे पाऊण मीटर खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटा, हे सगळं त्यात आलं. ट्रान्सफॉर्मर तळ्याच्या काठापासून निदान दोन मीटर लांब हवा. तरणतलाव आणि कारंज्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६०३६४ च्या ७०२ व्या भागात, काठाभोवतीचा दोन मीटरचा पट्टा वेगळा धरलेला आहे आणि पुरवठ्याचं साधन त्याच्या बाहेर ठेवावं असं आहे. माणसं उतरतात त्या तरणतलावाच्या पाण्यात तर १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसीच्या वर पुरवठा चालत नाही. मुलं डुंबतात अशा हौदाला २४ व्होल्ट घ्यायचे असतील तर ते डीसीच हवेत, त्याचं कारण हे.

सगळं जोडून झाल्यावर चर बुजवण्याची घाई करू नये. दिवे पाणी भरलेल्या बादलीत बुडवून एक रात्र चालू ठेवावेत. पाण्याबाहेर फार वेळ पेटते ठेवू नयेत. तळ्यातले बरेच दिवे पाण्यानेच थंड राहतात आणि कोरडे चालवले तर तापून खराब होतात. सकाळी काचेत बाष्प दिसतं का पाहावं. मग मल्टिमीटरने सगळे दिवे चालू असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजावं: ट्रान्सफॉर्मरपाशी आणि काठावरच्या बॉक्समध्ये. दिवे बंद असताना मोजून उपयोग नाही, कारण प्रवाह नसेल तर घटही दिसत नाही आणि सडका जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. आलेला फरक आधी केलेल्या हिशेबाच्या आसपास असला की चर बुजवावा. फार जास्त निघाला तर एखादा जोड कच्चा आहे किंवा वायर सांगितल्या मापाची नाही. केबलची इन्सुलेशन चाचणी मेगरने करायची असेल तर दिवे आणि ड्रायव्हर आधी सोडवावेत, त्याचे ५०० व्होल्ट एलईडीला सोसत नाहीत.

ते दोन आकडे, वायरचं माप, तिची लांबी आणि ती कुठून कुठे गेली याचं साधं रेखाटन एका कागदावर करून ट्रान्सफॉर्मरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावं. पावसाळा संपला की दिवे लावून तेच दोन आकडे पुन्हा घ्यावेत. तेवढेच दिवे चालू असताना फरक गेल्या वेळेपेक्षा अर्ध्या व्होल्टने वाढला असेल तर दिवे अजून नीट दिसत असले तरी बॉक्स उघडून प्रत्येक जोड हाताने तपासावा. जो गरम लागेल किंवा जिथे तांबं हिरवं दिसेल तो कापून नव्याने मारावा. बॉक्समध्ये प्रत्येक केबलची वीतभर जास्तीची लांबी गुंडाळून ठेवली असेल तर असं दोन-तीनदा कापता येतं.